रुग्णालय भाऊसिंगजी रस्त्यावर, प्रयोगशाळा विद्यानगरात

कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'सीपीआर', हे केवळ एका जिल्ह्याचे रुग्णालय नाही. घाट चढून सिंधुदुर्गातून आणि सीमाभागातील खेड्यांतून रुग्ण येथे येतात. उसाच्या फडात साप चावलेला मजूरही येथेच आणला जातो. संशोधकाला एरवी वणवण करूनही मिळणार नाही असे अनुभवधन या वास्तूत रोज जमा होते आणि बहुतांशी केसपेपरच्या गठ्ठ्यांत बांधून ठेवले जाते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, विद्यानगरात, १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आहे. जीवरसायन, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र असे विभाग तेथे आहेत. मग या दोन वास्तूंमध्ये अंतर कशाचे? ते कागदाचे आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकेकाळी याच विद्यापीठाशी संलग्न होते. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय शिक्षण तिकडे गेले. परीक्षा व अभ्यासक्रमात एकसूत्रता यावी हा हेतू रास्तच होता. पण त्या ओघात डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांचा नित्याचा शेजार तुटला, याची खंत कोणी फारशी केली नाही.

सर्पदंशाचेच पाहा. देशात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावतात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवर बेतलेले असते आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. पन्हाळ्याच्या पायथ्याशी चावलेल्या सापावर ते औषध कितपत लागू पडते? याचे उत्तर रुग्णशय्येजवळील नोंद आणि प्रयोगशाळेतील परीक्षण एकत्र आल्याशिवाय मिळणार नाही. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२४ मध्ये जाहीर केले आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध प्रभावी ठरते, हे ग्रामीण रुग्णांच्या काटेकोर नोंदींतून दाखवले आणि १९८६ साली 'लॅन्सेट'ने ते छापले. ते एका माणसाचे तप होते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने मात्र टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने संस्था म्हणून काम उभारले. उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या सहभागातून झालेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास २००९ मध्ये जगापुढे आला. बार्शीला जे साधले ते कोल्हापूरला अशक्य कसे?

करारावर सह्या करून छायाचित्रे काढण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ आहे; तिचा येथे उपयोग नाही. दोन्ही संस्थांची संयुक्त नीतिसमिती हवी, कारण रुग्ण हा प्रयोगाचे साधन नव्हे आणि त्याची संमती त्याच्याच भाषेत घेतली गेली पाहिजे. नोंदी ठेवणारा पूर्णवेळ माणूस हवा. वैद्यकीय महाविद्यालयाचा विस्तार शेंडा पार्कात होत आहे. तेथे विद्यापीठाच्या संशोधकांसाठी दोन खोल्या आजच आराखड्यात दाखवाव्यात. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडणे अवघड जाते.