घराचा पुरावा

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘स्टॅम्पिंग’ हा शब्द वारंवार येतो. “डिसेंबरात घरी चाललास का?” या प्रश्नाला “नाही रे, स्टॅम्पिंग करावं लागेल” एवढे उत्तर पुरते, विचारणारा पुढे काही विचारीत नाही. मुदत संपलेल्या व्हिसाच्या जागी मायदेशातल्या वकिलातीतून पासपोर्टात नवा व्हिसा लावून घेणे, एवढाच या शब्दाचा अर्थ. पण या एका शब्दापायी किती लग्ने, किती बारशी आणि किती अंत्यदर्शने हुकली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तो ठेवणे आमच्याही आवाक्याबाहेरचे आहे. या व्यवहाराच्या मुळाशी असलेली एक विसंगती मात्र मांडता येण्याजोगी आहे, आणि तेवढ्याचसाठी हा लेख.

आधी व्यवहार समजून घेऊ. भारतीय विद्यार्थ्याला एफ-१ हा व्हिसा साधारणतः पाच वर्षांपर्यंतचा मिळत आला आहे. हा व्हिसा म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. दारापर्यंत जाऊन ‘आत घ्या’ असे म्हणण्याची ती मुभा आहे. आत गेल्यावर किती काळ राहायचे, हे विद्यापीठाने दिलेल्या आय-ट्वेंटी या कागदावर आणि अभ्यास नियमाने चालू आहे की नाही यावर ठरत आले. (त्याऐवजी ठराविक वर्षांची मर्यादा घालावी, असा प्रस्ताव तेथील सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला, ती गोष्ट वेगळी.) त्यामुळे पासपोर्टातल्या व्हिसाची तारीख उलटली म्हणून विद्यार्थी बेकायदा ठरत नाही. तो वर्गात शिकवतो, प्रयोगशाळेत रात्री जागवतो, कर भरतो. फक्त त्याने देशाबाहेर जायचे नाही. कॅनडा-मेक्सिकोची तीस दिवसांच्या आतली फेरी सोडली, तर बाहेर पडलेल्याला परतताना नवा व्हिसा हवा, आणि तो अमेरिकेत राहून मिळत नाही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात. म्हणजे प्रबंध ऐन रंगात आला असताना व्हिसा संपतो.

आम्ही तिकडे शिकत असतानाची गोष्ट. आमचा एक सहनिवासी सांगली जिल्ह्यातला, पाचव्या वर्षात असलेला. व्हिसा संपून चार महिने झाले होते. एका पहाटे गावाकडून फोन आला की वडील गेले. दिवस उजाडताच तो विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी अतिशय सहानुभूतीने सांगितले, की तुला जायला कोणाचीही आडकाठी नाही. परत कधी येशील, हे मात्र आम्ही सांगू शकत नाही. तातडीची भेट मिळू शकते, पण भेट मिळणे म्हणजे व्हिसा मिळणे नव्हे. त्याचा विषय रसायनशास्त्राचा, म्हणजे ‘अधिक तपासणी’च्या नावाखाली कागद अडकण्याची भीती. प्रयोग अर्धवट, शिष्यवृत्ती सत्रागणिक मिळणारी. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्याची गत झाली. तो गेला नाही. दहाव्याचे विधी त्याने फोनच्या पडद्यावर पाहिले. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा गुरुजी म्हणाले, “थोरल्याची वाट बघतायत.” त्यानंतर त्याने फोन उलटा करून ठेवला. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

आता हा तरुण ज्या कायद्याच्या धाकाने गेला नाही, तो कायदा त्याच्याकडून काय मागतो ते पाहा. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्याचे कलम २१४ (ब) असे गृहीत धरते, की व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायला निघालेला आहे. तसे नाही हे त्याने सिद्ध करावे. विद्यार्थ्याच्या व्याख्येतही अट आहे ती मायदेशी घर असण्याची आणि ते सोडून देण्याचा इरादा नसण्याची. थोडक्यात, ‘तुझे घर तिकडे आहे याचा पुरावा दे.’ आणि घराचा सर्वांत मोठा पुरावा कोणता? माणूस घरी जातो-येतो, सुखदुःखाला उभा राहतो, हाच ना? पण नेमके तेच त्याने केले, तर त्याची पदवी पणाला लागते. घराशी नाते टिकव असे म्हणणारा कायदा घरी जाणे हाच जुगार करून ठेवतो. अशी पाच-सहा वर्षे गेली की नाते आपोआप विरते, आणि मग विद्यार्थी तिकडेच राहिला म्हणून संशय खरा ठरल्याचे समाधान मिळते. संशयानेच जन्माला घातलेला हा पुरावा आहे. याच कलमाने एच-१बी व्हिसावरच्या नोकरदाराला मात्र या गृहीतकातून वगळले आहे. कमावणाऱ्यावर विश्वास आणि शिकणाऱ्यावर संशय, ही वर्गवारी आम्हांस विद्येचा मान राखणारी वाटत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कोणाला आत घ्यायचे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, आणि आपल्याकडचे लोकही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. उसन्या रकमा खात्यात ठेवून बँकेचे दाखले मिळवणारे आणि मुलाखतीची उत्तरे घोकून घेणारे दलाल आपल्याच गावांत दुकाने थाटून बसले आहेत. हे सारे आम्हांस मान्य आहे. परंतु आमचा मुद्दा पहिल्या प्रवेशाचा नाही. ज्याला एकदा पारखून घेतले, ज्याचे ठसे दप्तरी आहेत, ज्याचा पत्ता, विषय आणि हजेरी विद्यापीठ २००३ पासून एका संगणकीय व्यवस्थेतून सरकारला कळवत आले आहे, त्यालाच पुन्हा अनोळखी म्हणून उभे करण्यात कोणती सुरक्षितता साधते?

हे अपरिहार्य आहे असेही नाही. जर्मनीत विद्यार्थ्याचा निवास परवाना तो राहतो त्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत वाढवून मिळतो. ब्रिटनमध्ये अटी पुऱ्या करणाऱ्याला देशात राहूनच मुदतवाढ मागता येते. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसाही इथल्या नोंदणी कार्यालयातून वाढतो. त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवताना त्याला काय भोगावे लागते हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण शिक्क्यासाठी त्याला मायदेशी धाडत नाहीत. खुद्द अमेरिका जुलै २००४ पर्यंत काही नोकरदार वर्गांचे व्हिसा वॉशिंग्टनमधून टपालाने नूतनित करीत असे. ठसे घेणे सक्तीचे झाले म्हणून ती सोय थांबली. विद्यार्थ्यांना ती तेव्हाही नव्हती. २०२४ च्या आरंभी प्रायोगिक तत्त्वावर वीस हजारांपर्यंत एच-१बीधारकांसाठी ती पुन्हा उघडली, आणि आधी घेतलेले ठसे त्यासाठी चालले. म्हणजे तांत्रिक अडचण उरलेली नव्हती. विद्यार्थ्यांचा विचार तेव्हाही झाला नाही.

उलट वाट अधिक अरुंद झाली. मे २०२५ च्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे काही आठवडे थांबवण्यात आले आणि जूनमध्ये समाजमाध्यमांवरील खाती खुली ठेवण्याच्या अटीवर ते पुन्हा सुरू झाले. मुलाखतीविना कागद पेटीत टाकून नूतनीकरण करण्याची ‘ड्रॉपबॉक्स’ची सोय त्याच वर्षीच्या २ सप्टेंबरपासून विद्यार्थ्यांपुरती संपली. शैक्षणिक वर्ष २०२३-२४ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांची तेथील संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली होती. त्यांतल्या किती जणांनी घरची तिकिटे रद्द केली असतील, याची कल्पनाच करावी.

या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. आंबेडकरांना लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत येऊन ते पुरे करण्याची मुभा त्यांना लंडन विद्यापीठाने दिली होती. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून, पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. परत येण्याचा शब्द विद्यापीठाने दिला आणि तो पुरला. आज विद्यापीठाचे पत्र हातात असूनही आमच्या मित्राला तो शब्द कोणी देऊ शकले नाही.

आमची मागणी मोठी नाही. अभ्यासक्रम नीट चालू असलेल्या विद्यार्थ्याचा व्हिसा तो शिकतो त्या देशातच नूतनित व्हावा. तोवर, निदान आपल्या विद्यापीठांनी आणि पालकांनी मुलांना जाण्यापूर्वीच सांगावे, की या व्हिसाला तारीख आहे, आणि ती उलटण्याआधी एकदा येऊन जा. आमचा मित्र पदवी घेऊन दोन वर्षांनी गावी गेला. आईने त्याला वडिलांचा चष्मा आणि घड्याळ काढून दाखवले. मुंबईच्या वकिलातीत त्याची मुलाखत त्यानंतर आठवड्याने होती. नव्या नोकरीबद्दल दोन प्रश्न झाले आणि व्हिसा मिळाला. भारतात तुझे कोण आहे, असे त्याला या वेळी कोणी विचारले नाही.