गायरानाचे भाडे फक्त एक रुपया?



मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मुळे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, साप-बिबट्याच्या धास्तीत रात्री दारे धरायला जावे लागणार नाही, हे चांगलेच. वीज उपकेंद्राजवळची सरकारी जमीन आणि गायराने त्यासाठीच्या सौर प्रकल्पांना वापरायलाही माझी हरकत नाही. हरकत भाड्याला आहे. या योजनेत खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन मात्र ३० वर्षांसाठी, वर्षाला एक रुपया भाड्याने. ग्रामपंचायतीला प्रोत्साहन म्हणून वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षे. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. पाच मेगावॉटला दहा हेक्टर धरले, तर तेवढी जमीन देणारा शेतकरी पहिल्याच वर्षी साडेबारा लाख घेईल आणि गायरान देणारे गाव तीन वर्षांत मिळून १५ लाख. पुढची २७ वर्षे काय? आमच्या मीरा रोडच्या हाटकेशात चौरस फुटावरून भांडणे होतात. इथला पालिकेचा भूखंड रुपयाने द्या असे कोणी नुसते सुचवले तरी गदारोळ होईल.

गायराने नाहीतरी पडीक आहेत किंवा अतिक्रमणात गेली आहेत, असे यावर सांगितले जाते. पण प्रकल्पाला हवी असते सलग, मोकळी, निर्वेध जागा. म्हणजे नेमकी तीच, जिथे भूमिहीनांच्या शेळ्या आणि गावची जनावरे अजून चरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालानंतर आपल्याच सरकारने गायरानांचा इतर वापर रोखला होता, तो याच कारणाने. दुसरा आक्षेप, भाडे वाढवले तर वीज महागेल हा. एक मेगावॉटमधून वर्षाला साधारण १६ लाख युनिट निघतात. दोन हेक्टरांचे अडीच लाख भाडे त्यावर वाटले, तर सुरुवातीला युनिटमागे १५-१६ पैसे पडतात. खासगी जमिनीवरचे प्रकल्प हा बोजा आजही पेलत आहेतच. तेव्हा गायरानालाही तोच दर लावावा, पैसे ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात यावेत आणि ग्रामसभेने ते आधी चाऱ्यावर व पर्यायी कुरणावर खर्च करावेत. रुपयाचा दर शासन निर्णयानेच आला. तो बदलायलाही शासन निर्णय पुरे.

— एक वाचक, हाटकेश, मीरा रोड (पूर्व)