शिक्षकाने पुन्हा बाकावर बसावे

‘माझी पुस्तक हरवली’ असे वहीत आढळले की पूर्वी मी तांबडी रेघ ओढून मोकळा होत असे. माझी मातृभाषा कोकणी. तीतही मराठीप्रमाणे पुस्तक नपुंसकलिंगीच. मग मुलांना एवढे साधे का समजू नये, म्हणून रागही येई. पुढे स्नेहलतागंजातल्या एका दुकानात मी ऐटीने ‘मेरा पुस्तक’ म्हणालो आणि दुकानदार हसला. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. नपुंसकलिंग तर तेथे नाहीच! त्या दिवशी माझ्या तांबड्या रेघेची मला लाज वाटली.

भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत व्याख्याने पुष्कळ होतात, टाचणेही सुबक निघतात. परंतु चुकण्याचा अनुभव तेथे कोण देतो? १९६९ साली म्हैसूर येथे स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थानाने पुण्यातील आपल्या केंद्रात नोकरीतल्या शिक्षकांना दहा महिने दुसरी भारतीय भाषा शिकविण्याचा उपक्रम चालविला. एवढे दिवस शाळेने शिक्षक सोडावा कसा, हा प्रश्न खराच. तथापि उन्हाळी सुटीत महिनाभर तरी प्रत्येक भाषाशिक्षकाने एखादी अपरिचित भाषा शिकावी, परीक्षा द्यावी आणि मिळालेले गुण वर्गात सांगावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी यंदा तमिळ आरंभिली आहे. पहिल्या चाचणीत २० पैकी ७.