जुनी डिझेल ‘फोर-बाय-फोर’ मोटार घेण्यापूर्वीं

चारही चाकांना शक्ति पुरविणारी, उंच बांध्याची, आंतून दिवाणखान्यासारखी सजविलेली डिझेल मोटार पूर्वीं शहरांतील धनिकांच्या दारींच दिसत असे. आतां ती बागाइतदाराच्या अंगणांतहि येऊं लागली आहे. परंतु बहुधा नवी नव्हे, जुनी. उसाचें बिल हातीं आलें, द्राक्षाचा हंगाम साधला, किंवा रस्त्यासाठीं गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला म्हणजे घरांतील तरुण मंडळींची दृष्टि प्रथम अशा मोटारीकडे वळते. ही हौस निंद्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण बैलाची जोडी घेतांना दांत पाहणारा, खूर तपासणारा आणि जोडी औताला जुंपून पाहिल्याखेरीज विसार न देणारा आपला शेतकरी, बैलांच्या कित्येक पट किंमतीची मोटार नुसता रंग पाहून घेतो, हें मात्र आम्हांस बरें वाटत नाहीं.

वास्तविक ही मोटार जन्मानें शेतकऱ्याचीच. इंग्लंडांतील रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे वेल्स प्रांतांतील अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर लष्करांतून निघालेली एक जुनी जीप वापरीत असत. तिच्यावरून त्यांस १९४७ सालीं नव्या वाहनाची कल्पना सुचली, आणि १९४८ सालीं अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत ‘लँड रोव्हर’ लोकांपुढें आली. शेतीचीं यंत्रें चालविण्यासाठीं तिच्या इंजिनांतून शक्ति बाहेर घेण्याची सोय केलेली होती. १९७० सालीं त्याच घराण्यांत ‘रेंज रोव्हर’ जन्मली, आणि तेव्हांपासून हें शेतीचें अवजार हळूहळू ऐषआरामाचें वाहन बनत गेलें. २००८ सालीं टाटा मोटर्सनें ती कंपनी घेतली आणि २०११ पासून तिच्या कांहीं मोटारी पुण्यास जोडल्या जाऊं लागल्या. अवजार साधें असतें तेव्हां तें गांवचा लोहार दुरुस्त करतो; ऐषआराम वाढला कीं दुरुस्ती दूर जाते आणि महागते. या लेखाचें सार एवढ्यांतच आहे.

जुनी मोटार स्वस्त कां मिळते, हा प्रश्न प्रत्येक घेणाऱ्यानें प्रथम स्वतःस विचारावा. एक कारण दिल्लीचें आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दहा वर्षांपेक्षां जुन्या डिझेल वाहनांस दिल्लींत मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती कायम केली. २०२५ सालीं त्याच न्यायालयानें मालकांस कांहीं सवलत दिली खरी, पण मधल्या काळांत तिकडील पुष्कळ मोटारी इतर प्रांतांत विकल्या गेल्या. अशा मोटारींत चांगलीहि सांपडते, कारण तिचा दोष केवळ वयाचा असतो. दुसरें कारण अधिक विचार करण्याजोगें आहे. मोटारीची किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाहीं. पाऊण कोटीची मोटार पंधरा लाखांस मिळाली, तरी तिचा दिवा, पंप आणि गिअरपेटी हीं पाऊण कोटीच्या मोटारीचींच राहतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

आतां तपासणीकडे वळूं.

कागदपत्र. नोंदणीपत्रावरील चासीचा व इंजिनचा क्रमांक स्वतः मोटारीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबूं नये. मोटारीवर कर्ज असल्यास सावकार संस्थेचा फॉर्म ३५ व ना-हरकत पत्र हातीं आल्यावांचून रक्कम देऊं नये. मालकी बदलण्यास फॉर्म २९ व ३० लागतात. परप्रांतांतील मोटार असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचा फॉर्म २८, म्हणजे ना-हरकत दाखला, आणावा लागतो. बारा महिन्यांहून अधिक काळ मोटार या राज्यांत ठेवावयाची तर येथें नवी नोंदणी करून येथील कर भरणें प्राप्त आहे. हा कर सौद्याच्या किंमतींत आधींच धरावा. नोंदणीचीं पंधरा वर्षें किती उरलीं हें पाहावें. त्यानंतर दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. थकलेले दंड व विम्याची मुदत हींहि विसरूं नयेत.

इंजिन. आपणांपैकीं बहुतेकांनीं विहिरीवरचें डिझेल इंजिन आणि ट्रॅक्टर वर्षानुवर्षें चालविला आहे. तेंच ज्ञान येथें कामास येतें. विकणाऱ्यानें आपण येण्यापूर्वींच इंजिन तापवून ठेवलें असेल तर परत फिरावें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं न कळवितां जावें. थंड इंजिन सुरू करतांना दोष लपत नाहीं. काळा धूर हवा कमी किंवा इंधन अधिक असल्याचें सांगतो. निळा धूर तेल जळत असल्याचें. आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरहि थांबत नसेल तर इंधन न जळतां जात आहे किंवा थंडाव्याचें पाणी आंत शिरत आहे असें समजावें. इंजिन चालू असतां तेल भरण्याचें झांकण उघडावें. तेथून वाफेचे जोराचे लोट येत असतील तर पिस्टनच्या कड्या झिजल्या. झांकणाच्या आंतल्या बाजूस ताकासारखा फेस दिसला तर तेलांत पाणी मिसळलें असण्याचा संभव आहे. त्याची खात्री पटेपर्यंत सौदा पुढें नेऊं नये. टर्बोच्या नळींत तेलाचे ओघळ आहेत काय, वेग घेतांना शिटीसारखा किंवा किंचाळल्यासारखा आवाज येतो काय, हें पाहावें. ज्या इंजिनांत रबरी टायमिंग पट्टा आहे तो केव्हां बदलला याची पावती मागावी. पावती नसेल तर बदललाच नाहीं असें धरून चालावें, कारण तो तुटला म्हणजे बहुधा सारें इंजिनच हातचें जातें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ट्रॅक्टरसाठीं पिंपांत सांठविलेलें डिझेल या मोटारींत ओतूं नये. हिच्या इंधननळींतील दाब दीड हजार बारच्याहि वर जातो आणि इंजेक्टरचीं छिद्रें केसाप्रमाणें सूक्ष्म असतात. पिंपाच्या तळचें थोडें पाणी व धूळ इंजेक्टरांचा पुरा संच बिघडविण्यास पुरेशी आहे.

काजळीची गाळणी व युरिया. १ एप्रिल २०२० पासून देशांत ‘भारत स्टेज ६’ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते. ती गाळणी सांचलेली काजळी स्वतः जाळून मोकळी होते, पण त्यासाठीं मोटार कांहीं वेळ सलग व वेगानें चालावी लागते. घर ते शेत आणि शेत ते सोसायटी, एवढीच जिची धांव, तिची गाळणी तुंबणारच. ज्याचा प्रवास असा आंखूड आहे त्यानें ही मोटार घेण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. कांहीं मोटारींत युरियाच्या द्रावणाची निराळी टाकीहि असते. त्या द्रावणांत साडेबत्तीस टक्के अतिशुद्ध युरिया असतो. खताच्या पोत्यांतला युरिया पाण्यांत कालवून तेथें भरण्याचा मोह कोणासहि होऊं नये. आपला युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, त्यानें यंत्रणा बिघडते, आणि अनुदानाचें खत शेतीबाहेर वापरणें हा गुन्हाहि आहे. कोणी गाळणीच काढून टाकली असेल तर ती मोटार घेऊं नये.

चार चाकांची यंत्रणा. पुष्कळ शहरी मालकांनीं चार चाकांचा गिअर वर्षांत एकदांहि टाकलेला नसतो, आणि न वापरलेलें यंत्र गंजतें. मोकळ्या मातीवर नेऊन ‘हाय’ व ‘लो’ दोन्ही टाकून पाहावे. अडखळणें, खडखड किंवा दिवा लुकलुकणें हें चांगलें लक्षण नव्हे. पुढील-मागील डिफरन्शियलचें तेल काढून पाहावें. दुधाळ असेल तर मोटार खोल पाण्यांतून गेलेली आहे. ज्या मोटारींत हवेच्या फुग्यांवरचे स्प्रिंग आहेत, ती सपाट जागीं रात्रभर उभी ठेवून सकाळीं चारही कोपरे मोजावे. एक कोपरा खचला असेल तर फुगा किंवा नळी गळते आहे, आणि तें काम स्वस्तांत होत नाहीं.

सांगाडा आणि पूर. मोटारीखालीं निजून पाहिल्याशिवाय सौदा करूं नये. ताजा काळा रंग फांसलेला असेल तर त्याखालीं गंज किंवा वेल्डिंग दडविलेलें असूं शकतें. २०१५ चा चेन्नईचा पूर, २०१९ व २०२१ चे कोल्हापूर-सांगलीचे पूर यांत असंख्य वाहनें बुडालीं. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे काय, गालिच्याखालीं ओल, सीटच्या रुळांवर गंज किंवा दिव्यांत बाष्प आहे काय, हें पाहावें. बुडालेल्या मोटारीच्या तारा आज चालतात आणि वर्षानें दगा देतात.

मैलांचा आंकडा. काट्यावरील किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो. सर्व्हिसच्या नोंदी, पायपट्ट्यांची झीज आणि टायरवरील चार अंकी खूण यांचा मेळ घालावा. ३२१९ अशी खूण म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. शेवटीं जाणत्या मेस्त्रीकडून संगणकी यंत्र लावून दोषांची नोंद वाचवावी. यादी अगदीं कोरी असेल तरी संशय धरावा. ती आदल्या दिवशींच पुसलेली असूं शकते.

एवढी परीक्षा उतरली तरी आमचा सल्ला असा कीं, खरेदीच्या रकमेचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावा. तो ठेवणें शक्य नसेल तर ती मोटार आपल्या ऐपतीची नाहीं, मग विकणारा कितीहि स्वस्त देवो. जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं जिचे भाग व जिचा जाणता मेस्त्री मिळतो तीच घ्यावी. जिची कंपनीच देशांतून गेली, तिच्या बाबतींत हा विचार अधिकच करावा. फोर्डनें २०२१ सालीं येथें मोटारी बनविणें बंद करण्याचें जाहीर केलें, हें उदाहरण ताजें आहे. स्प्रिंगवरची साधी मजबूत मोटार खेड्यांत जितकी वर्षें टिकते तितकी फुग्यांवरची टिकत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि जमिनीच्या मोबदल्यांतून ती घेणारांस एवढेंच सांगणें आहे कीं, जमीन गेली ती पिढ्यांची होती. तिच्या जागीं येणारी वस्तु दहा वर्षांत भंगार होते. त्या रकमेंतून प्रथम जमीन, विहीर किंवा मुलांचें शिक्षण, आणि मग उरल्यास मोटार.

एक सूचना संस्थांस. फवारणीचे पंप व मळणीयंत्रें सभासदांस भाड्यानें देणाऱ्या सहकारी संस्थांनीं दोषवाचनाचें एक यंत्र घ्यावें आणि एका होतकरू तरुणास तें चालविण्याचें शिक्षण द्यावें. सभासदानें माफक फी देऊन सौद्यापूर्वीं मोटार तेथें तपासून घ्यावी. ट्रॅक्टर आणि टेंपो यांच्या खरेदींतहि त्याचा उपयोग होईल. बाजारांत बैल पाहण्यासाठीं आपण गांवांतला जाणता म्हातारा बरोबर नेत होतों. मोटारीच्या बाजारांतहि तसा जाणता माणूस गांवोगांव तयार झाला पाहिजे.