आजोबांची वाटी



परवा माळा आवरताना आजोबांची धोपटी सापडली. गंजलेला वस्तरा, कातरी, दाढीची पितळी वाटी आणि उधारीची वही.

साताऱ्यात बाबासाहेबांच्या लहानपणी त्यांचे केस थोरली बहीण कापत असे, कारण एकही न्हावी अस्पृश्याच्या डोक्याला हात लावत नव्हता. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आमच्या आजोबांचे केसही त्यांच्या आईनेच अंगणात बसवून कापले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने अशी सेवा नाकारणे गुन्हा ठरवला. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. पण कायदा गावच्या खुर्चीपर्यंत पोचायला वेळ लागतो. आजोबा थांबले नाहीत. मुंबईत गिरणीत बदलीवर असताना चाळीतल्या लोकांचे केस कापून त्यांचा हात बसला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडमागे पत्र्याचे सलून टाकले. मोठ्यांचे चार आणे, शाळेच्या पोरांचे फुकट.

वडील सांगत, एके दिवशी मातंग समाजाचा एक म्हातारा दाढीला आला. आपल्याच वस्तीतली दोन जाणती माणसे बाकावर होती. ती म्हणाली, "त्याला दुसरी वाटी ठेवा."

आजोबा म्हणाले, "मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यात दुसऱ्या वाटीची नव्हती."

त्याच वाटीत साबण फेसला, दाढी केली. दोन महिने वस्तीचे गिऱ्हाईक तुटले. आजीने मजुरीला जाऊन चूल पेटती ठेवली. मग एकेक जण परत आला. आजोबांनी कुणाला टोमणा मारला नाही. वहीत सगळ्यांची नावे एकाखाली एक आहेत, जात कुठेच नाही.

मी कारकून माणूस, वही दिसली की हिशेब तपासतो. या वेळी माझाच हिशेब चुकलेला निघाला. गेल्या महिन्यात पुतणीला स्थळ आले. मुलगा बौद्ध, शिकलेला, निर्व्यसनी. तरी मी पहिला प्रश्न विचारला, "यांची पूर्वीची पोटजात कोणती?"

वाटी हातात घेतली आणि मान खाली गेली. त्याच संध्याकाळी भावाला फोन करून माझा प्रश्न मागे घेतला.

ती वाटी घासून आता बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली आहे. आपल्याही घरात एखादी दुसरी वाटी लपलेली नाही ना? ज्याने त्याने आपला माळा तपासावा.