कंबरदुखीस अंथरूण हा उपाय नव्हे

कंबरदुखी ही केवळ वृद्धापकाळाची व्याधी होय, अशी समजूत रूढ आहे. परंतु वाकून भाताची लावणी करणारी स्त्री, कचेरीत तासन् तास बसणारा कारकून आणि वर्गात उभे राहून शिकविणारा शिक्षक, या सर्वांच्या मुखी हीच तक्रार आढळते. इ. स. २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक या दुखण्याने ग्रस्त होते, असा अंदाज आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले की ते जुनाट समजले जाते. अशा वेळी घरोघरी एकच सल्ला मिळतो, ‘पडून राहा!’ हा सल्ला प्रेमाचा खरा; पण आमच्या मते तो हिताचा नव्हे.

पडून राहिल्याने पोटाचे व पाठीचे स्नायू दुर्बल होतात. दुर्बलतेतून हालचालीची भीती उपजते आणि भीती माणसास पुन्हा अंथरुणाकडे नेते. हे चक्र भेदण्याचा एक मार्ग म्हणजे पिलाटिस व्यायाम. त्याचे जनक जोसेफ पिलाटिस हे १८८३ साली जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले होते. पुढे न्यूयॉर्क येथे त्यांनी व्यायामशाळा चालविली आणि १९४५ साली आपल्या पुस्तकात ३४ व्यायाम दिले. आपल्या पद्धतीस ते ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, म्हणत. या नावातच तिचे मर्म आहे. येथे घाम किती गळाला यास महत्त्व नाही. श्वास, मन आणि स्नायू यांचा मेळ किती साधला, यास आहे.

एक सोपा प्रकार पाहा. सतरंजीवर उताणे निजून गुडघे दुमडावेत. श्वास सोडीत ओटीपोट किंचित आत घ्यावे व कंबर सावकाश उचलावी. मग एकेक मणका टेकवीत खाली यावे. मात्र सर्वच प्रकार सर्वांस मानवत नाहीत. डोके व खांदे उचलून करावयाचा ‘हंड्रेड’ हा व्यायाम दुखऱ्या कंबरेने आरंभीच करू नये. प्रथम जाणकाराकडून शिकणे इष्ट. पाय बधिर होणे, लघवीवरील ताबा जाणे, ताप येणे किंवा पडल्यानंतर दुखू लागणे, अशी लक्षणे असल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

पिलाटिस हा रामबाण उपाय आहे काय? नाही. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने १० प्रयोगांतील ५१० रुग्णांची माहिती पडताळली. त्यात नाममात्र उपचारांपेक्षा पिलाटिसने वेदना कमी झाल्याचे दिसले. परंतु इतर व्यायामांहून तो श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झाले नाही. आम्हांस तर यात आनंदाचीच वार्ता दिसते. महागडी यंत्रे नसोत, शहरातील वर्ग परवडत नसोत; सोसतील तेवढी योगासने, नित्याचे चालणे किंवा सतरंजीवरील हे व्यायाम, यांपैकी जे नेमाने घडेल तेच औषध. गुण नावात नसून नेमात आहे.

विद्यार्थिमित्रहो, घरी आईची वा आजीची कंबर दुखत असेल, तर केवळ उशी आणून देऊन थांबू नका. तिच्या हातचे थोडे काम उरका आणि त्या वाचलेल्या पाव तासात तिच्याबरोबर सतरंजीवर बसा. तिला व्यायामाची सवय जडेल. आणि तुमचीही पाठ बळकट होईल.