जुने पोते

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा पाहिल्यापासून माझी ठाम समजूत झाली होती : जुने तेच टिकाऊ. जिजाऊंचा जन्म तिथे १५९८ साली झाला. चुन्यातल्या त्या भिंती अजून उभ्या आहेत!

म्हणूनच गेल्या वर्षी बुलढाण्यात आमच्या न्हाणीघरासाठी मी टाइल चिकटवण्याच्या अ‍ॅडेसिव्हचे उरलेले पोते काढले. मुदत पावसाळ्यापूर्वीच संपली होती. मिस्तरी म्हणाला, "सर, माल बाद हाये. गुठळ्या झाल्या." मी म्हटले, "कुटून चाळून घ्या." हिने कपाळाला हात लावला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई न्हाऊन बाहेर आली आणि मागे धाडकन आवाज झाला. तिच्या पाटावर टाइल पडून फुटली होती.

माझे हातपाय गार पडले. मग मिस्तरीकडून शिकवणी झाली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत भिंतीत वर्षानुवर्षे घट्ट होतो. अ‍ॅडेसिव्हमधले सिमेंट पाण्याने एकदाच आवळते. दमट हवा लागली की ते पोत्यातच आवळून बसते. गुठळी कुटली तर भुकटी होते, पकड परत येत नाही.

आई एवढेच म्हणाली, "अरे, पोथी जुनी चालते, पोतं नाही!"